बेडकाला जागा कशासाठी?



जून महिन्यात पहिला दणदणीत पाऊस झाला की शीळफाट्याच्या आसपास, जिथे अजून थोडीफार शेते आणि डबकी उरली आहेत, तिथून रात्री एक आवाज उठतो. डराव, डराव! एकाने सुरुवात केली की दुसरा साथ देतो आणि बघता बघता सारे शिवार ओरडू लागते. नव्याने राहायला आलेल्यांची झोपमोड होते. जुनी माणसे मात्र ओळखतात, की मोठे बेडूक बाहेर पडले, म्हणजे पाऊस लागला.

हा अंगणात दिसणारा लहानसा बेडूक नव्हे. याला आपण बुलफ्रॉग म्हणतो. बैलासारखा दणकट आणि तसाच मोठ्या आवाजाचा, म्हणून हे नाव. भारतातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी हा एक. एरवी त्याचा रंग हिरवट-तपकिरी, चिखलात मिसळून जाणारा. पण पावसाच्या पहिल्या दिवसांत नर लिंबासारखा पिवळाधमक होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून मादीला हाका मारतो. हा थाट थोडेच दिवस टिकतो. मादी उथळ साचलेल्या पाण्यात हजारो अंडी घालते. त्यांतून शेपटीवाले बेडूकमासे निघतात आणि पाणी आटायच्या आत त्यांना पाय फुटून जमिनीवर यावे लागते. दिवाळीनंतर माती सुकू लागली की मोठा बेडूक बिळात, बांधाखाली, ओलसर मातीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत निपचित पडून राहतो. म्हणजे वर्षातले कितीतरी महिने तो आपल्या पायांखालीच असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, निळजे, काटई या पट्ट्यात आता जमिनीचा भाव चौरस फुटावर ठरतो. जिथे भात डोलत होता तिथे मनोरे उभे राहिले आहेत. भिवंडी-कल्याण-शीळ हा २१ किलोमीटरचा रस्ता सहापदरी करण्याचे काम हाती घेतले गेले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी वांद्रे-कुर्ला संकुलापासून खोदला जाणारा २१ किलोमीटरचा बोगदा शीळफाट्यालाच जमिनीबाहेर येणार आहे. अशा ठिकाणी एखाद्याने सरळ विचारले, "या बेडकाचा उपयोग तरी काय? त्याला जागा कशासाठी सोडायची?" तर आपण काय उत्तर देऊ? प्रश्न साधा दिसतो, पण त्याचे प्रामाणिक उत्तर शोधू लागलो की तो आपल्यालाच तपासू लागतो.

पहिले उत्तर आपण शाळेत शिकलो आहोत, की बेडूक हा शेतकऱ्याचा मित्र आहे. हे उत्तर खोटे नाही. बुलफ्रॉग हा खादाड प्राणी. भुंगेरे, नाकतोडे, रातकिडे, खेकडे, उंदराची पिल्ले, तोंडात मावेल ते तो गिळतो. आपल्या देशाला या मित्राचा विसर पडला होता, त्याचीही एक कथा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातून बेडकांच्या तंगड्या युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निर्यात होऊ लागल्या. तिथल्या हॉटेलांत त्या पदार्थाला मान होता. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही निर्यात वर्षाला सुमारे चार हजार टनांवर पोहोचली होती. यात केवळ मागचे पाय मोजले आहेत. उरलेले शरीर टाकून दिले जात असे. पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन माणसे शेतांत उतरत. प्रकाशाने दिपलेला बेडूक जागचा हलत नाही, तो सहज पोत्यात जाई. पुष्कळदा जिवंतपणीच त्याचे पाय कापले जात.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली यांनी या व्यापाराविरुद्ध आवाज उठवला आणि १९८५ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिले. त्याच वर्षी हा बेडूक वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आला. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा फार मार्मिक होता. बेडूक विकून आपण परकीय चलन कमावतो आणि बेडूक नाहीसे झाले म्हणून वाढलेले कीटक मारायला पुन्हा पैसा घालवतो, हा कुठला हिशेब? अखेर १९८७ मध्ये केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली. खाणाऱ्यांची भूक मात्र संपली नाही. ती इंडोनेशियासारख्या देशांकडे वळली.

तर उपयोगाचे उत्तर इतके जोरकस आहे. तरीही त्यावरच थांबणे धोक्याचे आहे. का, ते पाहू.

बेडूक डास खातो म्हणून तो हवा, असे आपण म्हणतो. खरे सांगायचे तर मोठ्या बुलफ्रॉगला डासासारख्या बारीक भक्ष्यात फारसा रस नसतो. त्याचे बेडूकमासे पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात हे खरे, पण ते इतर जातींच्या बेडूकमाशांनाही खातात. त्याहून मोठी अडचण अंदमानात दिसते. हाच बेडूक अंदमान बेटांवर मूळचा नाही. माणसांच्या हातून, बहुधा मत्स्यपालनाच्या बीजाबरोबर, या शतकात तो तिथे पोहोचला आणि झपाट्याने पसरला. तिथले मूळ बेडूक, सरडे, मासे तो फस्त करतो आहे. शीळच्या शेतातला मित्र अंदमानात उपद्रवी ठरला.

कोणी म्हणेल, तो दुर्मिळ आहे म्हणून त्याला जपावे. हेही उत्तर इथे चालत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार बेडूक आणि त्याच्यासारख्या उभयचर प्राण्यांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. पण आपला बुलफ्रॉग त्यांत मोडत नाही. पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत तो आढळतो. शीळफाट्याचा शेवटचा बेडूक मेला तरी त्याची जात पृथ्वीवरून नाहीशी होणार नाही.

म्हणजे उपयोगाचे उत्तर अर्धे आणि दुर्मिळतेचे उत्तर लागूच नाही. उद्या एखादे स्वस्त आणि निर्धोक कीटकनाशक निघाले, तर आज आपण ज्या कारणाने बेडकाला राहू देतो ते कारणच संपेल. उपयोगाच्या खांबावर उभे केलेले छप्पर उपयोग संपला की कोसळते. आणि ही मोजपट्टी बेडकापाशी थांबत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. अंथरुणाला खिळलेली आजी, कामावरून काढलेला मुलगा, ज्याला बोलता येत नाही असे लेकरू, यांच्याकडेही ती मोजपट्टी वळू लागते. माणूस आणि बेडूक सारखे नव्हेत. पण 'काय उपयोग?' हा एकच प्रश्न विचारायची सवय ज्या मनाला लागली, ते मन कुठे थांबावे हे विसरते.

मग उरते काय? जुन्या ग्रंथांकडे पाहू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात एक मंडूकसूक्त आहे. वर्षभर गप्प राहून पावसात बोलू लागलेल्या बेडकांची तुलना तिथे मंत्र म्हणणाऱ्यांशी केली आहे. आपल्या पवित्र शास्त्रात बेडूक वेगळ्या रूपात येतो. निर्गमाच्या आठव्या अध्यायात नाईल नदीतून बेडूक वर येतात आणि फारोच्या राजवाड्यात, बिछान्यात, भट्ट्यांत, पीठ मळायच्या परातींत शिरतात. मोशेने प्रार्थना केल्यावर ते मरतात, त्यांचे ढीग लागतात आणि देशभर दुर्गंधी सुटते. एका ठिकाणी बेडूक स्तोत्र आहे, दुसऱ्या ठिकाणी पीडा.

दोन्ही वर्णनांत प्राणी एकच आहे. बदलली आहे ती त्याची जागा. पावसाच्या पाण्यातला बेडूक गातो, तोच बिछान्यात आला की संकट होते. नदीत होता तोवर त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती. अंदमानची गोष्टही हेच सांगते. दोष बेडकाचा नाही, जागा चुकली आहे, आणि ती बेडकाने चुकवलेली नाही.

इथे आपल्याला उत्तराची वाट सापडते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात पाण्यात वळवळणाऱ्या जिवांना वाढण्याचा आशीर्वाद मिळतो तो पाचव्या दिवशी. माणूस तेव्हा अजून निर्माण व्हायचा आहे. म्हणजे ते चांगले आहेत हे ठरले, तेव्हा त्यांचा उपयोग करून घेणारा कोणी नव्हताच. संत थॉमस अक्वायनस यांनी विचारले होते की, देवाने इतके निरनिराळे जीव का घडवले? त्यांचे उत्तर थोडक्यात असे, की त्याचा चांगुलपणा एकाच निर्मितीत मावणारा नाही. एकात जे उणे राहते ते दुसऱ्यातून प्रकट होते. पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ ही तारीख घातलेल्या 'लौदातो सी' या परिपत्रकात हाच विचार पुढे नेला. इतर जिवांना स्वतःचे मोल आहे, ते केवळ आपल्या वापराचे सामान नाही, असे त्यांनी बजावले. मग पिवळा होऊन, निळ्या पिशव्या फुगवून, चार रात्री जिवाच्या आकांताने ओरडणारा हा बेडूक काय सांगतो, हे आपल्याला पूर्ण कळले नाही म्हणून ते निरर्थक ठरत नाही.

दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत करायला आणि तिची राखण करायला. मशागत म्हणजे वापर, राखण म्हणजे मर्यादा. इतर सर्व प्राणी आपापल्या जागी जगतात. दुसऱ्याची जागा बदलण्याची शक्ती फक्त माणसाला आहे. तलाव बुजवणे, नदी वळवणे, एका किनाऱ्यावरचा जीव दुसऱ्या किनाऱ्यावर नेणे हे आपणच करतो. म्हणून जाब द्यायचा असेल तर तो आपल्यालाच. अंदमानात त्या बेडकाला आवर घालणे हे जसे राखणीचे काम, तसेच शीळमध्ये त्याला राहू देणे हेही राखणीचेच काम आहे.

आता ताटातला प्रश्न. आपल्यापैकी काही कुटुंबे गोव्याकडची आहेत. तिथे पावसाळ्यात 'जम्पिंग चिकन' या नावाने बेडकाचे मांस चवीने खाल्ले जात आले आहे. शुक्रवारी आणि प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य करण्याचा जो नियम आहे, त्यात परंपरेने मासे आणि थंड रक्ताचे प्राणी मांस म्हणून मोजलेले नाहीत. त्या हिशेबाने बेडूक चालतो! पण तो नियम प्रायश्चित्ताचा आहे. कोणाला मारावे याचा तो परवाना नाही. देशाच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बेडकाला संरक्षण दिलेले आहे आणि गोव्याचे वन खाते पावसाळ्यात त्याला न मारण्याचे आवाहन करते. तरीही कायद्याच्या पलीकडे विवेकबुद्धी एक साधी गोष्ट विचारते. हा प्राणी वर्षातले कितीतरी महिने लपलेला असतो आणि पहिल्या पावसात पिल्लांसाठी बाहेर येतो. त्याची हाक ऐकून त्याला पकडायचे, म्हणजे आमंत्रण देणाऱ्या आवाजाचाच माग काढून मारायचे. भूक असेल तर गोष्ट वेगळी. जिभेच्या चोचल्यासाठी हे करावे का, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे. "माणसांना राहायला घरे नाहीत आणि तुम्ही बेडकांची काळजी करता?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. आपण बहुतेक जण इथे घराच्या शोधातच आलो. कोणी वसईहून, कोणी मराठवाड्यातून, कोणी मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीतून. आपल्या इमारतीखालीही कधीकाळी कोणाचे तरी शेत होते. माणूस आधी, हे मान्यच आहे.

पण जमिनीच्या या शर्यतीत खरोखर माणूस आधी होता का? ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे बेकायदा उभारलेली सात मजली इमारत कोसळली आणि ७४ जणांचा बळी गेला. बांधकाम पुरे होण्याआधीच तिथे गरीब कुटुंबे राहत होती. त्या मृत्यूंची कोणत्याही प्राण्याच्या मृत्यूशी तुलना होऊ शकत नाही, आणि ती इथे करायचीही नाही. सांगायचे ते इतकेच, की जी घाई मातीखाली काय आहे ते पाहत नाही, ती मातीवर कोण झोपले आहे तेही पाहत नाही. 'माणूस आधी' असे म्हणत पुष्कळदा आधी असतो तो नफा. माणसाला आधी ठेवणारे बांधकाम पाण्याची वाट सोडते, उघडी माती राखते, पाया नीट घालते. आणि असे बांधकाम, मुद्दाम ठरवले नसले तरी, बेडकालाही थोडी जागा ठेवते. भातशेताची खाचरे पावसाचे पाणी धरून ठेवतात. ती सगळी बुजली की तेच पाणी तळमजल्यावरच्या घरांत येते. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको.

भरावाचे काम सहसा उन्हाळ्यात होते, जमीन कोरडी आणि कडक असताना. नेमके त्याच वेळी बेडूक त्या जमिनीत निपचित पडलेला असतो. मुरमाचे ट्रक येतात, रोलर फिरतो. जूनमध्ये पाऊस येतो, पण वर यायला वाट उरलेली नसते. कोणी त्याला मारायचे ठरवले नव्हते. तो तिथे आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. आपल्या हातून होणारी पुष्कळ हानी अशीच असते. द्वेषातून नाही, तर न पाहिल्यामुळे झालेली. धनवान मनुष्य आणि लाजरस यांच्या दाखल्यातही धनवानाने लाजरसाला मारले नव्हते. दाराशी पडलेला तो त्याला दिसला नाही, एवढेच.

कायद्यालाही असे न दिसणे घडते. देशातल्या पाणथळ जागा जपण्यासाठी २०१७ मध्ये नियम झाले, पण त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळलेली आहे. त्याला शेतकऱ्याच्या अडचणींचे कारण असू शकेल. तरी परिणाम असा, की बुलफ्रॉगला हवी असलेली जागा, म्हणजे चार महिने पाणी आणि आठ महिने माती, कागदावर पाणथळही नाही.

मग आपण काय करावे? धर्मग्रामातल्या साध्या माणसाच्या हाती बांधकामाचे नकाशे नसतात. तरी काही गोष्टी हाती असतात. सोसायटीच्या आवारात शेवटच्या इंचापर्यंत फरशी घालायचा ठराव येईल, तेव्हा कोपऱ्यात एक सखल, मातीचा पट्टा राहू द्या असे सांगता येते. डासांची भीती योग्य आहे, पण डेंग्यूचा डास मुख्यतः पिंपात, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो. ते आधी रिकामे करावे. सरसकट प्रत्येक डबक्यात रॉकेल ओतू नये. पहिल्या पावसाच्या रात्री गाडी सावकाश हाकावी, कारण त्या रात्री शेकडो बेडूक रस्ता ओलांडत असतात. मुलांना सांगावे की बेडकाला हात लावल्याने चामखीळ होत नाही. त्याला दगड मारू नये, त्याला पाहावे. आणि घरात शिरला तर सुपलीत घेऊन बाहेर सोडावे. त्याची जागा घरात नाही, तशी मरणातही नाही.

ही कामे लहान आहेत. त्यांनी शीळफाट्याचा चेहरा बदलणार नाही. पण ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळायचे नाही, त्याच्यासाठी थोडे सरकून बसणे ही सवय मनाला लागली, तर ती बेडकापाशी संपत नाही. फारोने बेडकांपासून सुटका मागितली आणि ती कधी हवी असे विचारल्यावर उत्तर दिले, उद्या. आपणही पुष्कळ चांगली कामे उद्यावर टाकतो. पाऊस मात्र उद्याची वाट पाहत नाही, आणि मातीखाली कान देऊन पडलेला तो जीवही नाही. या वर्षी त्याचा आवाज आला, तर खिडकी लावण्यापूर्वी क्षणभर ऐका. आपल्या शेजारी अजून कोणीतरी राहते आहे.